सूक्ष्म आरसे आणि खिडकीचे परावर्तन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जालन्यातील वर्गखोलीत डीएलपी प्रक्षेपकाचा काळा रंग करडा दिसतो, त्यामागे बाहेरच्या उजेडाबरोबर एक काचही असते. १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चीप साकारली. धुळीपासून रक्षणासाठी तिच्यावर काचेची खिडकी अपरिहार्य होती. परंतु लेपरहित काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आरसे ‘बंद’ असतानाही. परावर्तनरोधी लेपाने हे प्रमाण घटले, संपले नाही. खरा उपाय भूमितीत होता, असे वाटते. आरशांचा कल १० वरून १२ अंशांवर गेला, तेव्हा खिडकीचे परावर्तन चित्रकिरणांपासून २० ऐवजी २४ अंश दूर सरले व भिंगाबाहेर रोखता आले. मात्र अधिक प्रकाशासाठी किरणशंकू रुंदावला, की हे अंतर पुन्हा बुजते. उजेडाच्या वर्गाला तर प्रकाशच हवा असतो.