सरकीचा हिशेब

वऱ्हाडाचा इतिहास लिहिताना आपण रुईचा हिशेब मांडतो आणि सरकीचा विसरतो. 1853 मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटताच मँचेस्टरची नजर इकडे वळली. 1867 मध्ये मुंबईचा लोहमार्ग अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचला. ही सारी धावपळ रुईसाठी. पण कापूस रेच्यातून काढला की वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश सरकीच निघते. तिचे पुढे काय होते, हा माझा प्रश्न आहे.

सरकी ही मुळात दुभत्या जनावरांची. माणसाच्या ताटात तिचे तेल यायला एक अडचण होती. कच्चे तेल काळपट लाल निघते, आणि त्याला मुख्यतः सरकीतलेच एक पिवळे द्रव्य कारण आहे. लाँगमोरने ते 1886 मध्ये वेगळे केले. 1899 मध्ये मार्खलेव्स्की या पोलिश रसायनज्ञाने त्याला ‘गॉसिपॉल’ हे नाव दिले. कोंबड्यांना ते बाधते. रवंथ करणारी गुरे बरेचसे सोसतात.

यातून वाट काढली ती आम्ल-अल्कलीच्या साध्या नियमाने. गॉसिपॉल आम्लधर्मी, तेलातली मोकळी मेदाम्लेही तशीच. कॉस्टिक सोड्याचे पाणी तेलात ढवळले, की दोन्ही तेल सोडून पाण्याकडे जातात. साबणाचा गाळ खाली बसतो, फिकट तेल वर राहते. त्या गाळात गंधकाम्ल घातले, की मेदाम्ले पुन्हा मोकळी होऊन तरंगतात आणि साबणाच्या कामी येतात. बी.एस्सी.चे विद्यार्थी प्रयोगशाळेत बेंझॉइक आम्ल आणि नॅप्थलीन वेगळे करतात, ते याच युक्तीने.

ही विद्या विदर्भात शिकवलीही गेली. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून 1942 मध्ये नागपुरात त्यांच्या नावाची तंत्रसंस्था उभी राहिली. तेल तंत्रज्ञान हा तिथला एक प्रमुख विषय.

अमरावती-अकोल्याचा शेतकरी मात्र आजही कापूस सरकीसकट विकतो. सरकी तेजीत असली की कापसाचा भावही सुधारतो, एवढाच त्याचा तिच्याशी संबंध उरतो. रेचा, घाणा, सोडा अशी तीनदा निवड होते, ती त्याच्या दारापासून दूर. सरकीतले त्याच्या गोठ्यात परतते ते ढेपेचे पोते, आणि त्याचे पैसे तोच मोजतो.