सिलोनच्या वाटेवरचा अनवाणी धर्मगुरू

माणूस यशस्वी झाला असे आपण केव्हा म्हणतो? पद, पैसा, बंगला, परदेशी स्थिरावलेली मुले ही आपल्या समाजाची रूढ मोजमापे. संत जोसेफ वाझ यांचे जीवन या मापांनी मोजू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. गोव्यातच उच्च शिक्षण घेऊन १६७६ साली त्यांनी गुरुदीक्षा स्वीकारली आणि गोरगरिबांसारखे अनवाणी चालण्याचे व्रत घेतले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा गुलाम म्हणून लेखी वाहून घेतले. ज्या गोव्यात माणसांची खरेदी-विक्री राजरोस चाले, तेथे एका सुशिक्षित धर्मगुरूने ‘गुलाम’ हा शब्द स्वेच्छेने स्वतःला लावून घ्यावा, हे विलक्षणच होय. कानडा प्रांतात काही वर्षे सेवा केल्यावर १६८५ साली ते जुन्या गोव्यातील एतद्देशीय धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले. हाच संघ पुढे गोव्याची ऑरेटरी म्हणून नावारूपास आला.

सिलोनमध्ये तेव्हा डचांचा अंमल होता. १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना त्यांच्या हाती गेल्यापासून तेथील कॅथलिक श्रद्धावंत मेंढपाळाविना पडले होते. धर्मगुरूंना बंदीच होती. १६८७ साली फादर वाझ मजुराच्या वेशात तेथे उतरले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. ती माळ पाहून ज्याचे डोळे चमकत, ते घर कॅथलिकाचे, एवढीच त्यांची खूण! मग रात्रीच्या अंधारात, बंद दाराआड मिस्साबलिदान होई.

१६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. परंतु १६९७ साली देवीची साथ आली, लोक आपल्या रुग्णांना टाकून पळू लागले, आणि हा ‘हेर’ व त्याचे सहकारी फादर जोसेफ कार्व्हालो रुग्णांची शुश्रूषा करीत मागे राहिले. तेथे जात-धर्माचा प्रश्न नव्हता. त्या सेवेने राजाचा विश्वास दृढ झाला.

पुढे त्यांना धर्माधिकाराचे उच्च पद देऊ करण्यात आले, ते त्यांनी नाकारले. मात्र या नकाराला जबाबदारीतून पळवाट समजू नये. सिलोनमधील मिशनचा भार त्यांनी अखेरपर्यंत वाहिला. गोव्याहून नवे धर्मगुरू बोलावले, त्यांना घडवले. १७०५ साली आलेल्या फादर जाकोम गोन्साल्विस यांनी तर सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे फादर वाझ यांनी देह ठेवला, तेव्हा कार्य पुढे नेणारे हात तयार होते.

१९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी संतपद बहाल केले. तीन शतकांनी मिळालेल्या या गौरवाची त्यांना हयातीत कल्पनाही नव्हती, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही.

साधेपणा म्हणजे कर्तृत्वाचा अभाव नव्हे. फादर वाझ यांनी गरजा कमी केल्या त्या कामाला मोकळे होण्यासाठी. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे मुलांच्या भवितव्याचा विचार करतात, तेव्हा ‘तू काय मिळवशील?’ या प्रश्नाशेजारी ‘तू कोणाच्या उपयोगी पडशील?’ हाही प्रश्न मांडता येईल काय?