प्रतिकृतीचे माप आणि आपला रूळ

छोटी रेल्वे मांडण्याचा छंद वरवर पाहता पोरखेळ वाटतो. परंतु त्यातला पहिलाच प्रश्न, प्रमाण कोणते घ्यावे, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना एक सवय असते: माप पुढे आले की ते कोणी ठरविले, हे आधी विचारावयाचे. येथेही तेच विचारू.

प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पट लहान केली ते. गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर. खेळण्यातल्या रुळांना क्रमवार मापे दिली ती जर्मनीच्या मेर्क्लिन कारखान्याने, १८९१ साली. पुढे गाडी टेबलावर मावावी म्हणून ती लहान होत गेली आणि साडेसोळा मिलिमीटरचा रूळ रूढ झाला. त्यावरचे 'एच-ओ' प्रमाण १:८७, म्हणजे फुटाला साडेतीन मिलिमीटर. पुण्यात १९९८ साली उघडलेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातही हेच प्रमाण आहे. साडेसोळाला ८७ ने गुणा. १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोपातील रुळाचे माप झाले. इंग्रजांची इंजिने मुळात आकाराने लहान. त्यांच्या प्रतिकृतीत मोटार मावेना, म्हणून त्यांनी गाडी फुटाला चार मिलिमीटर केली आणि रूळ मात्र तोच ठेवला. त्यामुळे त्यांचा रूळ गाडीच्या मानाने अरुंद दिसतो.

आता आपल्याकडे पाहू. हिंदुस्थानात गेज किती असावे यावर वाद झाला. डलहौसीने सहा फुटांचा आग्रह धरला. अखेर कंपनीच्या संचालकांनी साडेपाच फूट ठरविले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गाडी गेली ती याच रुळावरून. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० साली झाला, तोही याच मापाचा. उलट पाचोरा-जामनेर ही १९१८-१९ मधील छोटी गाडी, आपली 'पीजे', अडीच फुटांच्या रुळावर ३५ मैल धावे. कापसाच्या मुलखात स्वस्तात रूळ टाकावयाचा, हा त्यामागचा हिशेब. पण पाचोऱ्यास माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. कागदावर वाचलेला खर्च हमालाच्या पाठीवर येऊन पडे. २०२० साली ती गाडी बंद झाली.

म्हणून धुळ्याची गाडी मांडावयाची असेल, तर फुटाला तीन मिलिमीटर घ्यावे. साडेपाच गुणिले तीन बरोबर साडेसोळा! रूळ बाजारचा तयार घेता येतो. इंग्लंडात ट्राय-अँग कंपनीने १९५७ साली याच प्रमाणाच्या गाड्या काढल्या. परंतु त्यांचा रूळ बारा मिलिमीटरचा होता. आपले डबे मात्र हाताने करावे लागतील. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळविलेल्या सोनगीरला पत्र्याचे काम कोणी शिकवावयास नको.

'पीजे' मांडावयाची असेल, तर साडेतीन मिलिमीटरच बरे. अडीच फुटांचे पावणेनऊ मिलिमीटर होतात आणि नऊचा रूळ तयार मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांस जाणवत नाही. पाचोऱ्याचे स्थानक, दोन्ही रुळांसह, हवे असेल तर हेच प्रमाण ठेवून मोठा रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर स्वतः ठोकावा. सगळा मार्ग मांडण्याच्या भरीस मात्र कोणी पडू नये. या प्रमाणात 'पीजे'चे ३५ मैल सहाशे मीटरांहून अधिक भरतात. एक स्थानक पुरे.

मोठ्या रुळाची पारख सोपी आहे. साडेपाच फूट म्हणजे आपल्याकडील मध्यम उंचीचा माणूस. मांडणीवरचा गँगमन उचलून रुळांवर आडवा ठेवावा. डोके एका रुळाला आणि पाय दुसऱ्याला टेकले, तर माप आपले. तो रुळांबाहेर गेला, तर रूळ परक्या देशाचा आहे. छोट्या मुलाने उद्या ती मांडणी पाहून 'आपली गाडी अशी होती' असे म्हणावे, आणि ते खरे असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.