जोखीम कोणाच्या खाती?

नाशिकचा सराफ बाजार आज सोन्याचांदीच्या दुकानांकरिता ओळखला जातो, आणि गोदावरीला पूर येऊन पाणी पेढ्यांच्या उंबऱ्याला लागले की त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हमखास येते. परंतु आगगाडी आणि मनीऑर्डर येण्यापूर्वीच्या काळात अशा पेठांतील सराफ दागिन्यांइतकाच कागदाचाही व्यापारी असे. सिंहस्थाला वा एरवी यात्रेस निघालेल्या धनिकाने रोकड बरोबर घेऊन घाटात लुटले जाण्याचे भय पत्करण्याऐवजी आपल्या गावच्या पेढीवर रक्कम भरावी, त्या पेढीने तीर्थक्षेत्रीच्या आपल्या आडत्यावर हुंडी लिहावी आणि यात्रेकरूने येथे येऊन ती वटवावी, हा त्या काळचा रूढ शिरस्ता होता.

या हुंडीची रचना पाहण्यासारखी आहे. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनंतर. आणि रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून आकडा, अक्षर आणि शिवाय त्या रकमेची निमपट लिहून तिची दुप्पट, असा तिहेरी बंदोबस्त कागदातच केलेला असे. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ लिहून मिळे. किनाऱ्यावरच्या जलमार्गी व्यापारात जोखमी हुंडी म्हणून आणखी एक प्रकार चाले: माल सुखरूप बंदरी पोहोचला तरच ती वटायची, गलबत बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडायचे. कर्ज आणि विमा एकाच चिठ्ठीत गुंफणारा हा व्यवहार आजच्या कोणत्याही संमिश्र गुंतवणूक योजनेइतका गुंतागुंतीचा होता. तरीही त्याने विधवांच्या व पेन्शनरांच्या ठेवी बुडवल्याचे ऐकिवात नाही, याचे कारण त्या काळचे सराफ साधुपुरुष होते असे मुळीच नव्हे. तो कागद घेणाऱ्याला गलबत, तांडेल आणि मोसम या तिन्हींची माहिती असे व धोक्याची किंमत तो हुंडणावळीत आधीच वसूल करून घेई, एवढेच.

पुढे कागदाचे स्वरूप पालटले, आणि त्या पालटात नाशिकचा वाटा मोठा आहे. लंडनच्या छापखान्यावर अवलंबून असलेली हिंदुस्थानची तिकिटे येथे छापावीत या हेतूने १९२५ साली नाशिक रोड येथे सरकारी सिक्युरिटी प्रेस स्थापन झाला व १९२८ साली त्याच्या शेजारी नोटांचा छापखाना उभा राहिला. टपालाची तिकिटे, मुद्रांक आणि कालांतराने पोस्टाची बचतपत्रे येथूनच देशभर गेली. सामान्य माणसाच्या मनात शिक्का, जलचिन्ह आणि सरकारी हमी यांचे अद्वैत या काळात दृढ झाले. बचतपत्राच्या बाबतीत ते अद्वैत खरेही होते. परंतु कागद अस्सल आहे आणि कागदातला वायदा सुरक्षित आहे, या दोन गोष्टी निराळ्या, हे पाहण्याची सवय मात्र त्यामुळे मोडली.

ही सवय मोडल्याची पहिली मोठी किंमत युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेत मोजावी लागली. १९६४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेची ही योजना, दरसाल लाभांश देणारी. लोकांनी तिला ठेव मानले. प्रत्यक्षात नव्वदीच्या दशकात तिच्यातील शेअरांचे प्रमाण निम्म्याहून पुढे गेले होते, आणि खरेदी-विक्रीची किंमत मालमत्तेच्या बाजारमूल्यावरून न ठरता संस्थाच जाहीर करीत असे. किंमत आणि मूल्य यांच्यातील ही दरी ज्यांना वाचता आली त्या मोठ्या कंपन्यांनी २००१ च्या उन्हाळ्यात आपली युनिटे आधीच मोडली. आणि २ जुलै २००१ रोजी फेरखरेदी सहा महिन्यांसाठी बंद झाल्याची बातमी आली तेव्हा दाराशी उरले होते ते लहान गुंतवणूकदार. त्यांना पुढे सरकारने पाच हजार युनिटांपर्यंत सवलत देऊन सावरले, हे नमूद केले पाहिजे.

केबीसी किंवा मैत्रेय यांसारख्या गुंतवणूक कंपन्यांची प्रकरणे, ज्यांच्या फिर्यादींनी २०१४ आणि २०१६ साली नाशिकची पोलीस ठाणी गाजवली, त्यांची जात वेगळी. तेथे फसवणुकीचा आरोप होता आणि त्यासाठी १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. आपला विषय अधिक अवघड आहे, कारण त्यात कागद कायदेशीर असतो, बँक परवानाधारक असते आणि कोणी पळूनही जात नाही.

मुदत ठेवीची मुदत भरत आली की शाखेतून दुसरी योजना सुचवणारा फोन येतो, हा अनुभव आता कॉलेज रोडच्या निवृत्तांनाही नवा नाही. येस बँकेच्या एटी-१ रोख्यांची विक्री या वाटेने झाली. या रोख्यांना परतफेडीची तारीख नसते, बँक त्यांवरील व्याज देणे थांबवू शकते, आणि बँक डबघाईला आली तर मुद्दलही शून्य करता येते. मार्च २०२० मध्ये असे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे निर्लेखित झाले. भागधारकांचे शेअर मात्र शून्य झाले नाहीत, म्हणजे एरवी मालकानंतर बुडणारा धनको येथे मालकाच्या आधी बुडाला. सेबीच्या २०२१ च्या आदेशानुसार १,३४६ व्यक्तींनी सुमारे ६७९ कोटी रुपये त्यांत घातले होते, आणि त्यांपैकी २७७ जणांनी त्यासाठी आपल्या ठेवी मुदतीपूर्वी मोडल्या होत्या. विक्रीच्या वेळी या रोख्यांचे वर्णन ‘सुपर एफडी’ असे झाल्याचेही त्या आदेशात आहे. जोखमी हुंडी लिहिणाऱ्या मुनिमाने निदान धोका लपवला नसता.

ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीने असे नवे रोखे केवळ मोठ्या संस्थांनाच विकावेत आणि किमान वाटप एक कोटीचे असावे, असे बंधन घातले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्लेखनाचा निर्णय रद्द ठरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परंतु उच्च न्यायालयाचा तो निवाडा बँकेवर नेमलेल्या प्रशासकाला निर्लेखनाचा अधिकार होता की नव्हता या मुद्द्यावर झाला. ठेव मोडून रोखा घेणाऱ्याला तो रोखा वाचता आला होता काय, हा त्या निवाड्याचा मुद्दा नव्हता.