जावळ : मुहूर्ताइतकेच पातेही महत्त्वाचे

बाळाचे जन्मजात केस प्रथमच काढण्याच्या विधीस मराठीत ‘जावळ’, तर संस्कृतात ‘चूडाकर्म’ किंवा ‘चौल’ म्हणतात. बंगळुरूतील जयनगरसारख्या वसाहतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याचे स्थानिक नावही ओळखीचे वाटते. कन्नडमध्ये हा विधी ‘जवळ’ या नावाने प्रचलित आहे.

सोळा संस्कारांत गणल्या जाणाऱ्या या विधीसाठी मनुस्मृतीत पहिले किंवा तिसरे वर्ष सांगितले आहे. आश्वलायन गृह्यसूत्राने तिसरे वर्ष सुचवतानाच कुलाचारानुसार वेगळ्या वेळेची मुभा दिली आहे. महाराष्ट्रात बाळाला मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढण्याची रीत आहे. नवस असल्यास जेजुरी वा तुळजापूर गाठले जाते. कर्नाटकातील अनेक कुटुंबे नंजनगूड किंवा आंध्र प्रदेशातील तिरुमला येथे जातात. तिरुमला येथील ‘कल्याणकट्टा’त अर्पण झालेल्या केसांचा देवस्थानातर्फे लिलाव होतो.

मुंडनामुळे केस दाट होतात, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. केसांचे मूळ त्वचेखाली असते व वस्तरा तेथवर पोहोचत नाही. मात्र एकच पाते अनेकांसाठी वापरल्यास हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही यांच्या संसर्गाचा धोका संभवतो. म्हणून पालकांनी नवे पाते आपल्यासमोर लावून घ्यावे. टाळू साधारणतः दीड वर्षापर्यंत भरते. तोवर विशेष जपावे लागते. बाळाला ताप किंवा डोक्यावर पुरळ असल्यास विधी लांबणीवर टाकणे श्रेयस्कर. कुलाचाराची मुभा असल्याने त्यात शास्त्रभंगही होत नाही.