सनदेतली एक अट

अमेरिकेत काँग्रेस कायदा करते, राष्ट्राध्यक्ष त्यावर सही करतात, आणि तरीही सर्वोच्च न्यायालय तो घटनाबाह्य ठरवून रद्द करू शकतं. न्यायिक पुनर्विलोकन हा संघराज्याच्या तिन्ही शाखांमधला सर्वांत जबर अधिकार; पण घटनेत तो स्पष्ट शब्दांत कुठेही लिहिलेला नाही.

पाठ्यपुस्तकं 1803 चा ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ खटला आणि सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्याकडे बोट दाखवतात. मी त्या निकालातल्या एका शब्दापाशी अडकलो. घटनेला ‘रिपग्नंट’ असलेला कायदा शून्यवत, असं मार्शल लिहितात. विरोधी या अर्थाचे इतके शब्द असताना हाच का? कारण तो तोवर दोन शतकं व्यापारी कंपन्यांच्या सनदांमध्ये मुरलेला होता.

इंग्लंडचा राजा कंपनीला सनद देताना स्वतःचे नियम करायची मुभा देई, पण एक अट घाली: ते नियम देशाच्या कायद्याला रिपग्नंट असता कामा नयेत. मॅसॅच्युसेट्स बे कंपनीच्या 1629 च्या सनदेत ही अट आहे. पुढच्याच वर्षी कंपनीचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप ती सनद बरोबर घेऊन समुद्रापार गेले. कंपनीची सनद वसाहतीची घटना बनली, भागधारकांची सभा विधिमंडळ बनली, आणि अट होती तशीच राहिली. मर्यादित अधिकार देणारा लेखी दस्तऐवज आणि त्याबाहेर पडलेला नियम रद्द: पुढच्या न्यायिक पुनर्विलोकनाचा सांगाडा इथेच उभा आहे. इतिहासकार मेरी सारा बिल्डर यांनी 2006 मध्ये हे सूत्र सविस्तर मांडलं.

अट मोडली की नाही, हे लंडनमधलं राजाचं सल्लागार मंडळ, प्रिव्ही कौन्सिल, ठरवी. त्या पंचांचा सर्वांत गाजलेला तडाखा कनेक्टिकटला बसला. मृत्युपत्र न करता बाप वारला, तर तिथल्या कायद्याने मुलींनाही जमिनीत वाटा मिळे. इंग्लंडात सगळी जमीन थोरल्या मुलाची. विन्थ्रॉप घराण्यातलाच एक जॉन बहीण ॲन लेचमिअर हिच्या वाट्याविरुद्ध लंडनला गेला. 1728 मध्ये कौन्सिलने कनेक्टिकटचा तो कायदाच सनदेबाहेरचा म्हणून रद्द केला. वारसाहक्काने वाटण्या झालेल्या साऱ्या जमिनींचे हक्क एका फटक्यात धोक्यात आले. दहा वर्षांनी मॅसॅच्युसेट्सचा तसाच कायदा त्याच कौन्सिलने मान्य केला, पण कनेक्टिकटला बसलेला धक्का विसरण्यासारखा नव्हता.

प्रतिस्पर्धी उपपत्ती भारदस्त आहे. 1610 मध्ये डॉक्टर बॉनहॅमच्या खटल्यात इंग्लंडचे न्यायाधीश एडवर्ड कोक म्हणाले, की विवेकाविरुद्ध असलेला पार्लमेंटचा कायदाही न्यायालय शून्य ठरवू शकतं. 1761 मध्ये बॉस्टनला वकील जेम्स ओटिस यांनी याच वचनाचा आधार घेतला. पण इंग्लंडात पार्लमेंटच सार्वभौम ठरली आणि कोकचं वचन तिथे निष्फळ राहिलं. शिवाय बॉनहॅमला दंड आणि कैद ठोठावणारी कोण? कॉलेज ऑफ फिजिशियन्स, म्हणजे सनदी संस्थाच! कोकचा दाखलाही माझ्याच बाजूला झुकतो.

मार्शल यांच्या निकालात कंपन्यांचं नाव नाही, हा आक्षेप खरा. पण वकिलांच्या रोजच्या बोलण्यात मुरलेली गोष्ट कुणी आधार म्हणून नोंदवत नाही. आणि मधला दुवा सापडतो: 1789 चा न्यायव्यवस्था कायदा. त्याचं 25 वं कलम राज्याचा कायदा संघराज्याच्या घटनेला रिपग्नंट असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे येऊ देतं. मार्बरीच्या चौदा वर्षं आधी! कायद्याचे मुख्य शिल्पकार ऑलिव्हर एल्सवर्थ. कनेक्टिकटचेच. 1662 च्या सनदेखाली चालणाऱ्या वसाहतीत जन्मून तिथेच वकिली केलेले. घटनेच्या मर्यादा ओलांडणारा कायदा न्यायाधीश शून्य ठरवतील, असं त्यांनी 1788 मध्ये घटनेच्या मंजुरीसाठी भरलेल्या कनेक्टिकटच्या अधिवेशनात ठणकावलं होतं. पुढे ते सरन्यायाधीश झाले, आणि त्यांच्या खुर्चीवर 1801 मध्ये मार्शल बसले. 1728 ची जखम आणि 1803 चा निकाल यांना जोडणारा माणूस एल्सवर्थच, असं माझं ठाम मत आहे.

या कुळाची दुसरी शाखा आपल्याकडे आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1600 च्या सनदेत हीच अट होती. 1668 मध्ये राजाने वर्षाला 10 पौंड भाड्याने मुंबई बेट कंपनीला दिलं, तेव्हा इथल्या कायद्यांनाही तीच अट लागली. 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या 107 व्या कलमात प्रांतिक कायद्याविषयी तोच शब्द येतो, आणि आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेत, अनुच्छेद 254 मध्ये, संसदेच्या कायद्याला विरोधी ठरणाऱ्या राज्याच्या कायद्यासाठीही ‘रिपग्नंट’च.