मतदार कोण? मुंबई विद्यापीठाचे सिनेट आणि शिक्षकांच्या जागा

विद्यापीठाच्या कारभारात शिक्षकाने निवडून यावे, ही कल्पना आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणी, कोणत्या हेतूने आणली हे विचारण्याची गरजच भासत नाही. अधिसभेच्या निवडणुका जवळ आल्या की स्टाफरूममध्ये पॅनेलांची पत्रके फिरू लागतात, पहिल्या पसंतीच्या मतांचे हिशेब होतात आणि ‘आपला माणूस’ ठरतो. या प्रथेची मुळे स्वातंत्र्यलढ्यात किंवा शिक्षकांच्या चळवळीत असावीत, असा आपला समज असतो. कायद्याची पाने उलटली तर वेगळेच दिसते. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटावर विद्याशाखांनी निवडलेले सभासद असावेत, हे १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने लिहून ठेवले. तो कायदा लॉर्ड कर्झनचा. आणि त्याला विरोध करणाऱ्यांत अग्रभागी होते ते गोपाळ कृष्ण गोखले, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी फर्ग्युसन कॉलेजच्या अध्यापनातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक.

हा विरोधाभास समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. त्याचे फेलो सरकार नेमी, आणि ती नेमणूक बहुधा तहहयात असे. फेलोशिप हा हळूहळू एक मानमरातब झाला. न्यायमूर्ती, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी, संस्थानांचे दिवाण असे लोक सिनेटावर बसत. वर्गात उभे राहून शिकविणारे त्यांत असत, पण सूर त्यांचा नसे. कर्झनचा आक्षेप नेमका यावर होता, आणि आक्षेप म्हणून तो खोटा नव्हता. सप्टेंबर १९०१ मध्ये त्याने सिमल्यास शिक्षणाधिकाऱ्यांची परिषद भरविली. पुढील वर्षी टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यात न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांना मागाहून घेण्यात आले आणि त्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. मार्च १९०४ मध्ये कायदा संमत झाला.

त्यातील आकडे बोलके आहेत. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे साधारण फेलोंची संख्या पन्नासांहून कमी व शंभरांहून अधिक नसावी. त्यांतील दहा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडावेत, दहा विद्याशाखांनी. उरलेले कुलपतींनी नेमावेत. शंभराचे सिनेट धरले तर ऐंशी नेमलेले. या नेमलेल्यांपैकी निदान दोन पंचमांश अध्यापनाच्या व्यवसायातील असावेत अशी अट होती. सिंडिकेटसाठीची शब्दयोजना तर पाहण्यासारखी आहे: निवडलेल्या सभासदांत संलग्न महाविद्यालयांचे प्रमुख वा प्राध्यापक यांची संख्या बहुमतापेक्षा एकाहून अधिक उणी नसावी. निवडलेले पंधरा असतील तर निदान सात शिक्षक. बहुमताच्या उंबरठ्यापर्यंत शिक्षकाला आणायचे आणि तेथेच थांबवायचे, असा हा हिशेब दिसतो.

शिवाय प्रत्येक निवडणुकीला कुलपतींची मान्यता हवी होती. मुंबईत कुलपती म्हणजे गव्हर्नर.

आता ‘विद्याशाखांनी निवडलेले’ या शब्दांकडे वळू. आजच्या वाचकाला वाटेल, विद्याशाखा म्हणजे त्या विषयाचे सर्व शिक्षक. तसे नव्हते. विद्याशाखा म्हणजे त्या शाखेकडे नेमून दिलेले फेलो आणि त्यांनी जोडून घेतलेले काही जाणकार. ज्यांतील बहुसंख्यांना सरकारने नेमले, त्यांनीच मिळून दहा जण निवडायचे! पुणे, कोल्हापूर, अहमदाबाद किंवा कराचीच्या कॉलेजात इंग्रजी वा संस्कृत शिकविणाऱ्या साध्या प्राध्यापकाला, तो शिक्षक आहे एवढ्याच कारणाने, कोणतेही मत नव्हते. त्याला मत मिळे ते पदवीधर म्हणून: एम.ए. असेल किंवा पदवी घेऊन दहा वर्षे लोटली असतील, आणि नोंदणीचे शुल्क व वार्षिक वर्गणी भरली असेल तर. ऑक्सफर्डची पदवी घेऊन आलेल्या युरोपीय प्राध्यापकाला तेही नव्हते. अर्थात त्याला त्याची गरजही क्वचितच पडे, कारण त्याच्यासाठी नेमणुकीचा दरवाजा उघडा होता.

गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात जे मांडले त्याचे मर्म येथे आहे. शिक्षकांना अधिकार मिळण्याला त्यांचा विरोध नव्हता. शिक्षणतज्ज्ञांच्या नावाखाली प्रत्यक्षात युरोपीय प्राध्यापकांचे आणि पर्यायाने सरकारचे प्राबल्य प्रस्थापित होईल आणि सुशिक्षित भारतीयांचा आवाज क्षीण होईल, ही त्यांची भीती होती. भीती अवाजवी म्हणता येत नाही. कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनांच्या वैधतेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा सरकारने निकालाची वाट न पाहता १९०५ साली त्या वैध ठरविणारा दुसरा कायदाच करून टाकला. त्यालाही गोखल्यांनी विरोध केला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या प्रकरणात आणखी एक गोष्ट अस्वस्थ करणारी वाटेल. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठी-गुजरातीसारख्या देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून जुन्या, ‘अशैक्षणिक’ सिनेटात चिकाटीने झगडले कोण? न्यायमूर्ती रानडे. ते पूर्वी एल्फिन्स्टनमध्ये शिकवीत असत हे खरे, पण हा लढा ते लढले न्यायाधीश असताना. कलकत्त्यात १९१९ साली भारतीय भाषांतील एम.ए. सुरू झाले, ते आशुतोष मुखर्जींच्या प्रयत्नाने. तेही उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. तेव्हा शिक्षक निवडून आला की विद्येचे हित आपोआप साधते, हे समीकरण निदान आपल्या भाषांच्या बाबतीत तरी इतिहास मान्य करीत नाही. आम्ही स्वतः शिक्षकांच्या बाजूचे आहोत; म्हणूनच हे नोंदविणे आम्हाला आवश्यक वाटते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १९२८ च्या मुंबई विद्यापीठ कायद्याने निवडून येणाऱ्यांचा वाटा वाढविला. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे वाढली, १९७४ मध्ये त्यांचे कायदे नव्याने झाले, १९९४ मध्ये राज्यातील विद्यापीठांसाठी एकच कायदा आला आणि २०१६ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. दरम्यान प्राध्यापकांच्या संघटना उभ्या राहिल्या. मुंबईत बुक्टू, विदर्भात नुटा, राज्यपातळीवर एमफुक्टो. वेतनश्रेणी व सेवाशर्तींच्या लढ्यांत तयार झालेले कार्यकर्तेच अधिसभेच्या निवडणुकीत उतरू लागले. शिक्षक-प्रतिनिधी हा विद्याशाखेचा नव्हे, तर शिक्षकवर्गाचा प्रतिनिधी झाला, तो येथे. कर्झनला हे मुळीच अभिप्रेत नव्हते.

२०१६ च्या कायद्यानुसार अधिसभेवर शिक्षकांमधून दहा जण निवडून येतात. त्यांतील पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक अशा राखीव आहेत. १९०४ च्या सिनेटाशी तुलना केली तर हा फरक केवळ संख्येचा नाही, हे उघड आहे. व्यवस्थापन परिषदेवर जाणारा शिक्षक मात्र आजही थेट शिक्षकांनी निवडलेला नसतो. तो अधिसभेने निवडलेला असतो.

आणि मतदारयादी? कायद्यातील ‘शिक्षक’ या शब्दाच्या व्याख्येत पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक येतो. अनेक महाविद्यालयांत मराठीचे, इतिहासाचे तास आज जे घेतात ते तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. त्यांतील कित्येक जण नेट-सेट झालेले, पीएच.डी. केलेले. उत्तरपत्रिका त्यांच्याकडेही येतात, अभ्यासक्रम बदलला की नवी पुस्तके शोधायला तेही धावतात. शिक्षकांच्या यादीत त्यांचे नाव नसते. पदवीधर म्हणून वेळेवर अर्ज भरून नोंदणी केली असेल तर त्यांना त्या मतदारसंघातले मत आहे. १९०४ नंतर फर्ग्युसनमधल्या एखाद्या तरुण एम.ए. प्राध्यापकाला होते, तेवढेच.